चित्रात कोण आहे? आंरी कार्तिये-ब्रेसाँची वाटचाल आणि १९४८ चे बडोदे

मंडळाच्या गेल्या पावसाळ्यातल्या एका बैठकीत आमच्या तरुण सभासदाने लॅपटॉप उघडून एक कृष्णधवल छायाचित्र दाखवले. बडोद्याच्या महाराजांच्या वाढदिवसाच्या समारंभात काढलेले. छायाचित्रकार आंरी कार्तिये-ब्रेसाँ. खाली इंग्रजीत ओळ होती : भारत, गुजरात, बडोदा, १९४८. सगळे खुर्च्या पुढे ओढून बघू लागले. एवढा जगप्रसिद्ध माणूस आपल्या गावात येऊन गेला, हेच कित्येकांना ठाऊक नव्हते.

आमच्यातल्या सर्वांत वडील काकूंनी चष्मा सावरला. म्हणाल्या, “छान आहे हो. पण ह्यात गुजरात कुठून आणलंत? तेव्हा आपलं बडोदं संस्थान होतं.” हशा पिकला. पण काकू हसल्या नाहीत. “चित्र कोणी काढलं ते तुम्ही तीनदा सांगितलंत. चित्रात कोण आहे, ते सांगा की.”

सांगता कोणालाच येईना.

काकूंची पहिली हरकत तर सरळच आहे. बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले १ मे १९४९ रोजी, आणि गुजरात राज्य झाले १ मे १९६०ला. म्हणजे छायाचित्राखालची ओळ चित्रापेक्षा किमान अकरा वर्षांनी लहान. ती त्याने स्वतः लिहिलेली नाही. पुढे संग्रहाची मांडणी करताना कोणीतरी आजच्या नकाशावर बोट ठेवून घातलेली आहे. परळच्या गिरणी-कामगार वस्तीतल्या ज्योतिषाच्या दुकानाचे त्याचे १९४७चे प्रसिद्ध चित्र आहे, त्याच्या मागेही असेच ‘महाराष्ट्र’ लागलेले दिसते. तेव्हा महाराष्ट्र राज्य कुठे होते?

दुसरी हरकत मात्र साधी नाही. संस्थानाच्या अखेरच्या दिवसांवर मंडळाने प्रदर्शन योजले आहे, त्यात ही छायाचित्रे लावावीत असे ठरत होते. ती पुरावा म्हणून लावायची की कलाकृती म्हणून, यावर त्या दिवशी बरीच वादावादी झाली आणि शेवटी “तुम्हीच एक निबंध लिहा” असे म्हणून काम माझ्या गळ्यात पडले. म्हणून हा लेख. कार्तिये-ब्रेसाँची थोरवी सांगणारे लेखन उदंड आहे, त्यात मला भर घालायची नाही. त्याने आयुष्यात तीन कामे केली : छायाचित्रे काढली, चित्रपट केले, आणि थोडा अभिनयही केला. ही तीन कामे शेजारी ठेवली तर त्याच्या छायाचित्रांत काय आहे आणि काय सुटते, हे जास्त चांगले कळते, असे मला वाटते. आणि जे सुटते, ते शोधणे आपल्यासारख्यांचे काम आहे.

बिस्किटाचा डबा

कार्तिये-ब्रेसाँचा जन्म २२ ऑगस्ट १९०८चा, पॅरिसजवळच्या शांतलू गावचा. घर सुताच्या धंद्यातले, चांगले गबर. मुलाने पेढीवर बसावे ही वडिलांची इच्छा. मुलगा आंद्रे लोत या चित्रकाराकडे चित्रकला शिकायला गेला. लोत आकृतिबंधाबाबत मोठा कडक. पुढे कॅमेरा हाती आल्यावरही या माणसाची नजर चौकटीतला भूमितीचा हिशेब सोडत नाही, त्याचे मूळ या शिकवणीत आहे.

१९३०च्या सुमारास तो आफ्रिकेत आयव्हरी कोस्टला गेला, शिकार करून राहिला आणि तापाने मरता मरता वाचला. परतल्यावर मार्टिन मुंकाची या हंगेरियन छायाचित्रकाराचे एक चित्र त्याच्या पाहण्यात आले : टांगानिका सरोवराच्या लाटांत धावत शिरणारी तीन उघडी मुले. एका क्षणात एवढे मावते, हे त्याला त्या चित्राने दाखवले. १९३२मध्ये त्याने लायका कॅमेरा घेतला. छोटा, खिशात मावणारा, आवाज न करणारा. त्याचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीने झाकून तो रस्त्यावर हिंडू लागला. त्याच साली सें-लाझार स्टेशनच्या मागे त्याने ते चित्र टिपले, जे पुढे शेकडो पुस्तकांत छापले गेले : साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस, टाच पाण्याला टेकायला केसभर अंतर, आणि मागच्या भिंतीवरच्या जाहिरातीत तशीच उडी घेणारी नर्तिका.

आता गंमत बघा. चित्र टिपल्यावर त्याच्या कडा कापायच्या नाहीत, हा या माणसाचा प्रसिद्ध नियम. पण नेमके हे सर्वांत गाजलेले चित्र कापलेले आहे. कुंपणाच्या फटीतून काढल्यामुळे कडेला फळी आली होती, ती छाटावी लागली. त्याच्या चाहत्यांना हे अडचणीचे वाटते. मला उलट बरे वाटते. नियम करणाऱ्यालाही फळी आडवी येते, हे कळते.

इतिहासाच्या माणसाला खरी हळहळ वाटावी अशी गोष्ट दुसरीच आहे. युद्धाच्या तोंडावर त्याने आपल्या जुन्या निगेटिव्हच्या पट्ट्या काढल्या, पसंत पडलेल्या चौकटी कात्रीने कापून वेगळ्या केल्या, त्या बिस्किटाच्या एका डब्यात ठेवल्या आणि उरलेल्या टाकून दिल्या. कलावंत म्हणून त्याला तो हक्क होता. पण एका चौकटीच्या आधीची आणि नंतरची चौकट म्हणजे त्या क्षणाचे शेजारीपाजारी. ते गेले की उरलेली चौकट पोरकी होते. सुंदर, पण पोरकी. त्याच्या १९३०च्या दशकातल्या कितीतरी चित्रांत जे गूढ जाणवते, त्यातले काही त्या कात्रीनेही आणलेले आहे.

कॅमेऱ्याच्या पलीकडच्या बाजूला

१९३४ साली तो मेक्सिकोला गेला, तिथे मान्वेल आल्वारेझ ब्राव्होबरोबर त्याच्या चित्रांचे प्रदर्शन झाले. तिथून न्यूयॉर्कला, आणि तिथे पॉल स्ट्रँडच्या संगतीत चित्रपटाचे काम शिकला. फ्रान्सला परत आल्यावर त्याने छायाचित्रे बाजूला ठेवून ज्याँ रन्वारकडे सहायकाची नोकरी धरली. हे थोडे विसरले जाते. तेव्हाच्या डाव्या विचारांच्या तरुणाला चित्रपट हेच लोकांपर्यंत पोचण्याचे खरे साधन वाटत होते. बड्या घराण्याचे जोडनाव लपवण्यासाठी तो त्या काळात नुसते ‘आंरी कार्तिये’ असेही नाव लावी.

रन्वारने त्याला दोन वेळा पडद्यावर उभे केले. १९३६मध्ये चित्रित झालेल्या ‘खेड्यातली सहल’ या छोट्या चित्रपटात तो धर्मशाळेतला तरुण विद्यार्थी आहे. झोक्यावर उभी राहून झोके घेणाऱ्या मुलीकडे वाटेने जाणारे काही तरुण धर्मविद्यार्थी टकामका बघतात, त्यातला एक. आणि १९३९च्या ‘खेळाचा नियम’ या चित्रपटात तो इंग्रज बटलर झाला आहे. दोन्ही भूमिका एवढ्याशा. नट म्हणून त्याचे नाव कोणी घेणार नाही आणि त्यानेही कधी तसा दावा केला नाही. पण रन्वारचा हेतू वेगळा होता : लेन्सच्या दुसऱ्या बाजूला उभे राहिल्यावर माणसाला काय वाटते, हे या पोराला कळावे.

या धड्याचा परिणाम काय झाला? मला तो दोन्ही प्रकारे दिसतो. एकीकडे, समोरच्याला बुजवू नये म्हणून त्याने जन्मभर काळजी घेतली. फ्लॅश नाही, मोठा कॅमेरा नाही, ‘इकडे बघा’ नाही. दुसरीकडे, स्वतःचे छायाचित्र कोणी काढलेले त्याला मुळीच खपत नसे. चेहरा ओळखीचा झाला की रस्त्यावर काम करता येत नाही, हे त्याचे कारण रास्त आहे. पण जगभरच्या हजारो अनोळखी लोकांचे चेहरे न विचारता टिपणारा माणूस आपल्या चेहऱ्याला मात्र आडोसा मागतो, यातली विसंगती नजरेआड करता येत नाही. रन्वारच्या त्या बटलरसारखा तो सगळीकडे हजर असतो, सगळे बघतो, आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही.

या वर्षांतले एक काम मला फार आवडते. १२ मे १९३७ला लंडनमध्ये सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक झाला. फ्रेंच नियतकालिकासाठी तो गेला आणि राजाचे एकही चित्र न काढता परत आला. त्याने टिपली ती राजाला बघायला आलेली माणसे. ट्रॅफल्गार चौकातल्या चित्रात कठड्यावर ओळीने माणसे बसली आहेत, मिरवणुकीकडे डोळे लावून; आणि त्यांच्या पायाशी, वर्तमानपत्रांच्या कचऱ्यात, एक माणूस गाढ झोपला आहे. आमच्याकडे ज्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून दसऱ्याच्या स्वारीच्या गोष्टी ऐकल्या आहेत, त्यांना ही गंमत लगेच कळेल. त्या गोष्टींत हत्ती-घोडे दोन वाक्यांत संपतात. कोण कुणाच्या ओट्यावर चढले होते आणि कोणाचा जोडा गर्दीत हरवला, हेच पुढे तासभर चालते.

देसाऊ : एक प्रसंग, दोन कॅमेरे

चित्रपटकार म्हणून त्याची कामे मोजकी. १९३७मध्ये स्पेनच्या यादवी युद्धातल्या वैद्यकीय मदतीवर त्याने ‘जीवनाचा विजय’ हा माहितीपट हर्बर्ट क्लाइनबरोबर केला, पुढच्या वर्षी ‘स्पेन जगेल’. १९४०मध्ये तो जर्मनांच्या हाती सापडला. जवळजवळ तीन वर्षे युद्धकैदी म्हणून मजुरी केली, दोनदा पळून जायचा प्रयत्न फसला, तिसऱ्यांदा १९४३मध्ये साधला. पळण्याआधी नव्हे, पकडले जाण्याआधी त्याने आपला लायका जमिनीत पुरून ठेवला होता. सुटून आल्यावर तो उकरून काढला.

म्हणूनच १९४५मध्ये अमेरिकी सरकारच्या युद्ध माहिती खात्यासाठी ‘परतणे’ हा माहितीपट त्याच्याकडे आला, तेव्हा त्याला विषय परका नव्हता. छावण्यांतून सुटलेले कैदी आणि वेठबिगार घरी कसे परतले, याची ही अर्ध्या तासाची कथा. जर्मनीतल्या देसाऊ इथल्या छावणीत चित्रीकरण चालू असताना एक प्रसंग घडला. टेबलाशी छावणीचा प्रमुख बसला आहे. समोर एक बाई आणली आहे. तिने गेस्टापोला माणसे पकडून दिल्याचा आरोप आहे. तिच्यामुळे पकडली गेलेली दुसरी बाई तिला ओळखते आणि संतापाने तिच्या अंगावर जाते. चित्रपटाचा कॅमेरा फिरत होता. बाजूला उभ्या असलेल्या दिग्दर्शकाने स्वतःच्या लायकाने तोच प्रसंग टिपला.

एकच माणूस, एकच प्रसंग, दोन साधने. असा योग टीकाकाराच्या वाट्याला क्वचित येतो.

छायाचित्र अधिक मोठे आहे, यात वाद नाही. आरोप करणारीचा वेडावाकडा झालेला चेहरा, अपराध्यासारखी मान खाली घातलेली दुसरी, टेबलाशी कागद पुढे घेऊन बसलेला तो शांत प्रमुख, मागे गर्दीत पट्ट्यापट्ट्यांच्या कैदी पोशाखातला माणूस. सूड आणि न्याय यांच्यामधली रेघ किती पातळ आहे, हे त्या एका चौकटीत जन्मभर गोठून राहिले आहे. चित्रपटात हाच प्रसंग येतो आणि सरतो. फटका बसतो, गर्दी हलते, पुढचे दृश्य येते.

पण चित्रपट जास्त जाणतो. तो सांगतो, ही माणसे कुठून आली, कुठे निघाली. शेवटी पॅरिसच्या स्टेशनावर उतरणारे, गर्दीत आपला माणूस शोधणारे चेहरे दिसतात तेव्हा देसाऊच्या त्या रागाला एक संदर्भ मिळतो. शिवाय चित्रपटाला निवेदन आहे. तो कोणासाठी केला, कोणाच्या बाजूने बोलतो, हे लपून राहत नाही. छायाचित्र कोणाच्याच बाजूने बोलत नसल्यासारखे वाटते आणि म्हणून आपण त्यावर लवकर विश्वास टाकतो. आज ते छायाचित्र जगभर छापले जाते आणि चित्रपट अभ्यासकांपुरता उरला आहे. मला विचाराल तर कार्तिये-ब्रेसाँ नीट समजून घ्यायचा असेल त्याने आधी ‘परतणे’ बघावा आणि मग छायाचित्र. उलट क्रमाने नाही.

कथापट दिग्दर्शित करणे आपल्याला जमणार नाही, हे त्याने स्वतःच ओळखले होते. १९७०च्या आसपास अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीसाठी त्याने कॅलिफोर्नियावर आणि अमेरिकेच्या दक्षिण भागावर दोन माहितीपट केले, त्यांचे पुढे फारसे काही झाले नाही.

हिंदुस्थानातले महिने

१९४७मध्ये रॉबर्ट कापा, डेव्हिड सेमूर, जॉर्ज रॉजर यांच्याबरोबर त्याने मॅग्नम ही छायाचित्रकारांची सहकारी संस्था काढली. चित्रांचा हक्क छापणाऱ्याकडे न जाता छायाचित्रकाराकडेच राहावा, हे तिचे मुख्य सूत्र. वाटणीत त्याच्याकडे आशिया आला आणि त्याच वर्षी तो हिंदुस्थानात दाखल झाला. सोबत पत्नी रत्ना मोहिनी होती. ती मूळची जावाची, नर्तकी. हिंदुस्थानातल्या नृत्याशी आणि इथल्या माणसांशी तिच्या ओळखी होत्या. परदेशात काम करणाऱ्या कलावंताच्या कथेत अशी मधली माणसे नेहमी तळटीपेत जातात. या देशाची एकही भाषा न येणाऱ्या फ्रेंच माणसाला इथली दारे कशी उघडली, या प्रश्नाच्या उत्तरात रत्ना मोहिनीचे नाव ठळक अक्षरांत यायला हवे.

त्या महिन्यांत त्याने जे काढले त्यात कुरुक्षेत्रच्या निर्वासित छावणीचे एक चित्र आहे. हात उंच करून उड्या मारणारी माणसे. नुसते चित्र बघाल तर वाटेल, सण आहे, नाच चालला आहे. खालची ओळ वाचली की गळा दाटतो : छावणीतल्या लोकांची मरगळ आणि निराशा जावी म्हणून त्यांच्याकडून व्यायाम करवून घेत आहेत. ‘उत्तम छायाचित्राला शब्द लागत नाहीत’ असे म्हणणाऱ्यांना मी हे चित्र दाखवतो. इथे शब्द काढून घेतले तर चित्र चक्क खोटे बोलते.

१९४८च्या ३० जानेवारीला दिल्लीत बिर्ला हाऊसमध्ये तो गांधीजींना भेटला, आपल्या प्रदर्शनाची पुस्तिका त्याने त्यांना दाखवली. कवी पॉल क्लोदेल आणि शववाहिका असलेल्या चित्रावर गांधीजी थबकले. तो निघून गेल्यावर थोड्याच वेळात गोळ्या झाडल्या गेल्या. त्या रात्री फाटकाशी उभे राहून बापू गेल्याचे सांगणाऱ्या नेहरूंचे त्याने काढलेले चित्र तांत्रिकदृष्ट्या बिघडलेले आहे. अंधार, एका दिव्याचा उजेड, चेहरा हललेला. आकृतिबंधाच्या त्या आग्रही माणसाने ते फेकून दिले नाही, हे त्याचे मोठेपण. इथे भूमिती नाही, हिशेब नाही. त्या रात्री सगळेच हलले होते.

श्रीनगरच्या हरिपर्वताच्या उतारावर पहाटे प्रार्थना करणाऱ्या स्त्रियांचे १९४८चे चित्र याच्या दुसऱ्या टोकाला. सगळ्या पाठमोऱ्या, एकीचे हात पुढे पसरलेले, समोर डोंगर आणि ढग. लंडनला तो बघणाऱ्यांच्या समोर उभा राहिला होता. इथे त्यांच्या मागे उभा राहून त्या बघतात तिकडेच बघतो. मला यात अदब दिसते. पण हेही दिसते की पाठमोऱ्या माणसाला नाव विचारावे लागत नाही.

आणि बडोदे. योगायोग असा की महाराज प्रतापसिंहराव गायकवाड आणि त्यांना टिपणारा हा छायाचित्रकार एकाच वर्षाचे, १९०८चे. एक जूनमधला, दुसरा ऑगस्टमधला. एकाचे राज्य संपत आलेले, दुसऱ्याची कीर्ती नुकती सुरू होणारी. समारंभाच्या चित्रांखेरीज महाराणी सीतादेवींची चित्रेही त्याने काढली. मी छापील पुस्तकांत आणि पडद्यावर या बडोदे-चित्रांतली जी पाहिली, त्यांत नावानिशी ओळखता येतात ती माणसे म्हणजे महाराज आणि महाराणी. लंडनला राजाकडे पाठ फिरवणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे थोडे लागते. नजर तीच आहे, भोवतालच्या माणसांकडे तिचे पुरेपूर लक्ष आहे. पण लंडनमधल्या झोपलेल्या माणसासारखीच बडोद्यातली माणसेही अनाम राहिली. फरक इतकाच की लंडनकरांना आपल्या शहराचे इतर हजार पुरावे आहेत. आमच्याकडे तसे नाही. दरबार, कारखाने, खासगी खाते इथे पिढ्यान्पिढ्या नोकरी केलेली, घरात मराठी आणि बाजारात गुजराती बोलणारी जी माणसे होती, त्यांची छायाचित्रे घराघरांतून वाळवी आणि भंगारवाले यांच्या हवाली झाली. जी जगाच्या संग्रहात टिकली, त्यांत नावे नाहीत.

नावात काय झाले

कार्तिये-ब्रेसाँचे नाव काढले की ‘निर्णायक क्षण’ हे शब्द आलेच. १९५२मध्ये त्याचे मोठे पुस्तक निघाले, मुखपृष्ठ मातीसचे. फ्रेंच नाव ‘इमाज आ ला सोव्हेत’. फुटपाथवर परवान्याशिवाय माल मांडणारा, एक डोळा पोलिसावर ठेवून विकणारा आणि शिट्टी वाजली की गाठोडे उचलून पळणारा जो फेरीवाला, त्याच्या धंद्याला लावतात तो शब्दप्रयोग. लपत-छपत, घाईघाईने उचललेली चित्रे, असा काहीसा अर्थ. इंग्रजी आवृत्तीला प्रकाशकाने नाव दिले ‘निर्णायक क्षण’, प्रस्तावनेच्या आधीच्या एका जुन्या अवतरणावरून. फेरीवाल्याचा न्यायाधीश झाला!

हे भाषांतर नुसते मोठ्या तोंडाचे नाही, त्याने वाचकाची दिशा बदलली. ‘निर्णायक’ म्हटले की वाटते, या क्षणात सगळे आले, पुढे-मागे बघायची गरज नाही. फेरीवाला म्हटले की कळते, घाई होती, जे हाती आले ते उचलले, बाकी माल मागे राहिला. दुसरे वर्णन मला जास्त प्रामाणिक वाटते.

आणि न्यायाने हेही सांगितले पाहिजे की तो स्वतः शब्दांबाबत बेफिकीर नव्हता. डिसेंबर १९४८मध्ये तो चीनला पोचला. शांघायच्या बँकेपुढे एकमेकांना घट्ट धरून चेंगरत उभ्या असलेल्या लोकांचे ते अंगावर येणारे चित्र घ्या. ते कळते ते ओळीमुळे : नोटांची किंमत कोसळलेली, सरकारने माणशी ४० ग्रॅम सोने द्यायचे ठरवलेले, रांगेत माणसे चिरडून मेलेली. मासिकांना चित्रे पाठवताना तो सविस्तर टिपणे लिहीत असे. पुढे जसजशी चित्रे मासिकांतून निघून कलादालनांत गेली, तसतशी टिपणे गळत गेली आणि उरले ठिकाण व साल. काही ठिकाणी तेही आजच्या नकाशाप्रमाणे दुरुस्त झालेले. यात त्यालाही दोषातून पूर्ण मोकळे करता येणार नाही. भिंतीवर चित्र एकटे छान दिसते, आणि तो मुळात चित्रकारच होता. १९७०च्या दशकात कॅमेरा बाजूला ठेवून तो परत रेखाटनाकडे वळला आणि २००४मध्ये वारला तोवर तेच करत राहिला.

त्याच्या हिंदुस्थानातल्या चित्रांच्या १९८७च्या पुस्तकाला सत्यजित राय यांनी प्रस्तावना लिहिली. रन्वार १९५१च्या ‘द रिव्हर’साठी बंगालमध्ये आला तेव्हा राय त्याच्या आगेमागे होते, म्हणजे गुरू तोच, शिष्य दोन दिशांचे. पण राय यांनी आपल्या चित्रपटांत माणसांना नावे, घरे, नातीगोती दिली. कार्तिये-ब्रेसाँने त्यांना उजेड दिला. दोन्ही मोठ्या गोष्टी आहेत, पण दुसरीवर पहिली भागत नाही.

मंडळापुढे

तर मंडळी, प्रदर्शनात ही चित्रे रीतसर परवानगी काढून जरूर लावावीत, असे माझे मत आहे. मात्र तीन गोष्टी केल्याशिवाय नाही.

एक, खालची ओळ आपण आपली लिहावी : ‘बडोदे संस्थान, १९४८’. इतके तरी आपल्या हातात आहे.

दोन, पॅरिसला त्याच्या नावाची संस्था २००३पासून आहे आणि त्याचे संपर्कपत्रे, पत्रव्यवहार वगैरे दप्तर ती जपते. बडोद्यात खर्ची पडलेल्या रिळांच्या संपर्कपत्रांची आणि त्यासोबतच्या टिपणांची चौकशी आपण लेखी करावी. एका लायका रिळात ३६ चौकटी असतात. गाजते एखादी; बाकीच्यांत कुठे कोण तोंड वळवून उभा असेल, सांगता येत नाही. बिस्किटाच्या डब्याची गोष्ट युद्धाआधीची आहे, १९४८च्या रिळांवर ती कात्री तशी चाललेली नाही.

तीन, आणि हे सगळ्यांत निकडीचे. १९४८मध्ये जे दहा वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या पुष्कळ पुढे गेले आहेत. चित्रांच्या मोठ्या प्रती काढून दांडिया बाजार, रावपुरा, वाडी इथल्या जुन्या घरांत न्याव्यात, म्हाताऱ्या माणसांपुढे धरून शांतपणे बसावे. आकृतिबंध, निर्णायक क्षण यातले काही बोलू नये. फक्त विचारावे, ह्यात कोणी ओळखीचं दिसतं का?

सुरुवात आम्ही काकूंपासूनच केली. बैठकीनंतर दोन आठवड्यांनी ते समारंभाचे चित्र मोठे करून त्यांच्या घरी नेले. खिडकीशी धरून त्यांनी बराच वेळ पाहिले. मग कडेच्या एका माणसावर बोट ठेवून म्हणाल्या, “हा उभा कसा राहिलाय बघ. आमचे आबा असेच राहायचे, एक पाय ढिला सोडून.” आबा आहेत का, असे विचारले. “नाहीत. पण त्यांच्याच खात्यातला कोणीतरी असणार. पगडी तशीच बांधलीय.”

नाव मिळाले नाही. पण वहीत पहिली नोंद झाली.